मार्शमॅलोची सोयरिक

वऱ्हाडात नवा माणूस घरी आला की आधी त्याला पाणी देतात, मग गाव विचारतात आणि चहा उकळेपर्यंत कूळ. चहा कपात पडतो तोवर तो आपल्याच कुणाच्या तरी मावसभावाचा साडू निघालेला असतो. निघाला नाही तर चहा पुन्हा टाकतात, पण सोयरिक काढल्याशिवाय सोडत नाहीत. ही चौकशी फक्त माणसांची होते, असं बाहेरच्यांना वाटतं. खाण्याच्या पदार्थांचीही तिच्यातून सुटका नाही. आमच्या घरात पहिल्यांदा मॅकरोनी शिजली तेव्हा आजेसासूबाईंनी एक नळी चिमटीत धरून उजेडाकडे केली, आरपार पाहिलं आणि म्हणाल्या, "सरगुंडे हायेत हे. कोन्या आयशी बाईनं केलेले." मग दोनदा वाढून घेतली. पिझ्झा आला, तो धिरड्याचा दूरचा भाऊ ठरला. एकदा सोयरिक लागली की वऱ्हाडी माणूस काहीही खातो.

चॉकलेट मार्शमॅलो बारची सोयरिक काढायला मात्र घराला दमवलं.

पदार्थ आणला पुतणीने. ती नोकरीला पुण्यात, काम लॅपटॉपवर, त्यामुळे उन्हाळ्यात दोन महिने अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या घरी. पदार्थ तसा सोपा. तळाला बिस्किटांच्या चुऱ्याचा किंवा ब्राउनीचा थर, त्यावर मार्शमॅलो, ओव्हन 180 अंशांवर. मार्शमॅलो फुगून तांबूस झाले की ट्रे बाहेर. वितळलेल्या चॉकलेटात पीनट बटर आणि मुरमुरे कालवून वरून पसरायचे, गार झालं की तुकडे कापायचे. सासूबाई शेजारी बसून सगळं ऐकत होत्या. त्यांच्या कानाने त्यातले दोनच शब्द उचलले.

"शेंगदाने हायेत, मुरमुरे हायेत. म्हंजे चिवडाच हाये. मंग त्याले इतकं कायं काहून केलं?"

पुतणीने त्यांना समजावलं, की 1939 साली अमेरिकेत केलॉग कंपनीच्या स्वयंपाकघरात मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सेन या दोघींनी वितळलेल्या मार्शमॅलोत फुगवलेला तांदूळ कालवून वड्या थापल्या, आणि तेव्हापासून तिकडे हे खाणं घराघरात आहे. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "मुरमुऱ्याचा लाडू नोता का त्यायच्याकडं?" संक्रांतीला गुळाच्या पाकात मुरमुरे टाकून, हात भाजून घेत लाडू वळणाऱ्या पहिल्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही, एवढं मला त्या क्षणी नीट कळलं. आमच्याकडे पदार्थ उरतो, बाई उरत नाही. असो.

वऱ्हाडाला बेकिंग नवीन आहे, असा पुण्याहून येणाऱ्यांचा एक समज असतो. माझं माहेर अमरावतीचं. दिवाळी आठ-पंधरा दिवसांवर आली की आमच्याकडे बिस्किटं "काढून आणायची" असत. विकत आणायची नव्हेत. घरचा रवा, घरचा मैदा, साखर, डालडा, दूध आणि पुडीत बांधलेला खाण्याचा अमोनिया घेऊन भट्टीवर जायचं, नंबर लावायचा आणि बसायचं. भट्टीवाला किलोमागे मजुरी घ्यायचा आणि तिथे जमलेल्या बायका एकमेकींच्या डालड्याकडे पाहून एकमेकींच्या संसाराचा अंदाज घ्यायच्या. कुणी साजूक तूप आणलं की क्षणभर सगळ्या गप्प. पत्र्याच्या ट्रेमध्ये बिस्किटांच्या लांब रेघा पडायच्या, आत जायच्या आणि तांबूस होऊन बाहेर यायच्या. खरा ताण नंतर. आपला ट्रे कोणता? "तो माह्या हाये, माह्या साखर जास्त होती," असं म्हणत एक बाई भलत्याच ट्रेवर हात ठेवायची आणि दोन घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत अबोला. बिस्किटं मात्र उन्हाळ्यापर्यंत पुरायची, कारण ती पत्र्याच्या उंच डब्यात असत आणि तो डबा आईच्या ताब्यात.

नंतर घरोघरी झाकणाला काच असलेला गोल अॅल्युमिनियमचा इलेक्ट्रिक ओव्हन आला. त्यात केक व्हायचा तो लाइट असली तर. लाइट गेली की अर्धा केक शिरा व्हायचा आणि वेलची टाकून शिरा म्हणूनच वाढला जायचा. कुकरची शिट्टी काढून, तळाला वाळू पसरून केलेल्या केकचीही एक पिढी होऊन गेली. वाळू बांधकामावरून आणायची आणि धुवायची. ती नीट धुतली नाही हे केक खाणाऱ्याला पहिल्या घासाला समजायचं. 2020 च्या टाळेबंदीत तर बोरबन बिस्किटं, दूध आणि इनो एवढ्यावर केक झाले. त्या वर्षी वऱ्हाडाने गोडही खाल्लं आणि पोटंही साफ ठेवली. आता प्रत्येक बऱ्या घरात ओटीजी आहे आणि त्यात पापडांचे डबे आहेत. आमच्याही होते. पुतणीने ओव्हन रिकामा करायला घेतला तेव्हा आत गेल्या वर्षीच्या कुरडया आणि गॅसचं हरवलेलं कार्ड सापडलं.

पहिली अडचण धर्माची निघाली. ऑनलाइन मागवलेल्या मार्शमॅलोच्या पाकिटावर हिरवा ठिपका नव्हता. बाजारातल्या बहुतेक मार्शमॅलोत जिलेटिन असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या कातड्याहाडांपासून निघतं. सासूबाईंच्या गळ्यात माळ. त्यांनी पाकीट दोन बोटांनी उचलून थेट गच्चीवर नेऊन ठेवलं. तासाभराने पुतणी पाहायला गेली तर सगळ्या मार्शमॅलोंची एकच चादर झालेली. यात देवाचा हात नव्हता. जिलेटिन 35 अंशांच्या आसपास सैल पडतं आणि ती वेळ होती मे महिन्यातली दुपारी दोनची.

मग घरीच करायचं ठरलं, चायना ग्रासचं. ते टिळक रोडवर कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात मिळतं. अंड्याच्या पांढऱ्याऐवजी हरभरे उकडलेलं पाणी फेटायचं. 2014 साली जोएल रोसेल नावाच्या एका फ्रेंच गायकाला त्या पाण्याचा पांढराशुभ्र फेस होतो हा शोध लागला, असं पुतणी म्हणाली. सासूबाईंना या शोधाचं काही वाटलं नाही. पुरणाची डाळ शिजताना येणारा फेस त्या साठ वर्षं पळीने काढून टाकत आल्या आहेत. त्यांचा आक्षेप वेगळा होता. "कटाच्या पान्याची आमटी करतेत. त्याची मिठाई कोन करते?"

पाकाच्या वेळी खरी गंमत आली. पुतणीकडे काचेचा थर्मामीटर. पाक 115 अंशांवर हवा. ती आकड्यावर डोळा ठेवून उभी, आणि सासूबाई पाण्याची वाटी घेऊन तिच्या मागे. थर्मामीटर 112 वर असताना त्यांनी पाकाचा थेंब पाण्यात सोडला, बोटांनी वळून पाहिला आणि म्हणाल्या, "अजून नाही." दोन मिनिटांनी पुन्हा थेंब, पुन्हा बोटं. "झाला. गोळीबंद झाला. उतरव." थर्मामीटर 116. त्या दिवसापासून तो काचेचा थर्मामीटर घरात कुणाला ताप आला की वापरायला मागतात, आणि तो तापाचा नाही हे पुतणी दर वेळी समजावून सांगते. पाकात त्यांनी लिंबूही पिळलं, कुणाला न विचारता. पाकाची साखर परत बसू नये म्हणून तिकडे मक्याचं सिरप घालतात, आपल्याकडे लिंबाच्या चार थेंबांत तेच काम होतं.

आणि इथे एक गोष्ट मनापासून मान्य करायला हवी. चायना ग्रास एकदा घट्ट झालं की 85 अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. म्हणजे अकोल्याच्या मे महिन्यात उभं राहू शकेल असं मार्शमॅलो फक्त माळकऱ्यांचंच. सासूबाईंची माळ आणि पदार्थविज्ञान एकाच बाजूला उभं राहिलेलं मी त्या दिवशी पाहिलं, आणि दोघांपुढे पुतणीचा इलाज चालला नाही. तक्रार एकच, की ते ओव्हनमध्ये फारसं फुगत नाही. तर न फुगो. आमच्याकडे फुगणाऱ्यांची कमतरता नाही.

चॉकलेटला मात्र माळ घालता येत नाही. कोको बटर 34 अंशांना वितळतं. अकोल्यात मार्चपासून जूनपर्यंत चॉकलेट ही पिण्याची वस्तू आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, की उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून चॉकलेट हळुवार वितळवा. आम्ही कपाट उघडलं, वितळलेलं होतं. 2024 च्या मे अखेरीस पारा 45 च्या वर गेला, तेव्हा उष्म्यापायी अकोला जिल्ह्यात कलम 144 लावलं होतं. पाच माणसांनी एकत्र यायला जिथे उन्हामुळे बंदी होते, तिथे कोकोच्या स्निग्ध कणांनी एकत्र राहावं ही अपेक्षाच चूक. बरं, गारव्यासाठी कूलर लावावा, तर कूलर ओली हवा फेकतो आणि साखरेच्या पदार्थाला ओली हवा चालत नाही. कूलर लावला की मार्शमॅलो चिकटतं, बंद केला की माणसं चिडतात. शेवटी मार्शमॅलोचा ट्रे बाहेरच्या कोरड्या खोलीत गेला आणि सगळं घर आत. वऱ्हाडातली कोरडी झळ मार्शमॅलो सुकवायला फार उत्तम. अमरावतीला हेच करून पाहिलं तर माझी वहिनी म्हणाली, तिथे जास्त चांगलं सुकतं. अमरावतीचं सगळंच जास्त चांगलं असतं, गिला वड्यापासून उन्हापर्यंत. माहेर असलं तरी मी हे बोलून दाखवत नाही. सासरी राहायचं आहे.

तर पदार्थ झाला, चांगला झाला, पण घरात तो परकाच होता. सासूबाई तुकडा हातात घ्यायच्या, वास घ्यायच्या, परत ठेवायच्या. सोयरिक लागेना. ती लावली माझ्या दिरांनी. भाऊजी कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले, आयुष्य कपाशीत गेलेलं. 1969 साली अकोल्यात निघालेल्या त्या विद्यापीठाने वऱ्हाडाला काय दिलं यावर ते दोन तास बोलू शकतात, म्हणून त्यांना सहसा कुणी विचारत नाही. त्या दिवशी न विचारताच बोलले.

मार्शमॅलो ही मुळात एक वनस्पती. पाणथळ जागी उगवणारी, फिकट गुलाबी फुलाची. युनानी औषधांच्या दुकानात तिला खतमी म्हणतात, खोकल्यावर देतात. जुन्या काळी फ्रान्समधले मिठाईवाले तिच्या मुळाचा चिकट रस काढून अंड्याचा पांढरा आणि साखर घालून फेटायचे, जिलेटिन नंतर आलं. "आता तो चिकट रस कसा असते, सांगा," भाऊजी म्हणाले, आणि स्वतःच उत्तर दिलं, "भेंडीचा असते तसा." कारण भेंडी आणि ती एकाच कुळातल्या. माल्व्हेसी. अंबाडी त्याच कुळातली, जास्वंद त्याच कुळातली. आणि कपाशीसुद्धा.

सासूबाई सावरून बसल्या. कापूस म्हटल्यावर वऱ्हाडात माणूस सावरून बसतो.

"आनि हे चाकलेट?"

भाऊजींनी जरा थांबून घेतलं. कोकोचं झाड पूर्वी वेगळ्या कुळात नोंदवलेलं होतं. गेल्या शतकाच्या अखेरीस डीएनए तपासले आणि फेरफार झाला. तेही माल्व्हेसीत आलं. सातबाऱ्यावर उशिरा नाव चढलेला वारस, पण वारस कायदेशीर. अकोल्यात ते उगवत नाही, कारण त्याला सावली आणि ओल लागते, आणि विषुववृत्तापासून वीस अंशांच्या आत राहायला आवडतं. अकोला 20.7 वर. "थोडक्यात हुकलं," भाऊजी हळहळले. मग आठवून म्हणाले, की अमेरिकेतल्या बायका बेकिंगला जे पांढरं वनस्पती तूप वापरायच्या, क्रिस्को, ते 1911 साली बाजारात आलं तेव्हा सरकीच्या तेलाचं होतं. म्हणजे तळाच्या थरातही कपाशीच. आपण सरकीची ढेप म्हशीला घालतो आणि लोणी काढतो, त्यांनी मधली म्हैस वगळली.

आता तळाला कपाशी, मधे खतमी, वर कोको. सगळं एकाच घराण्याचं. भाऊजींनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. सासूबाईंनी मात्र तुकडा पुन्हा ताटलीत ठेवला.

"मंग यायचं देवक बी एकच असन. एका देवकात लगन लावते काय कोनी?"

भाऊजींच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. शेवटी तोडगा पुतणीनेच काढला. म्हणाली, "आजी, मधे शेंगदाणे आणि मुरमुरे आहेत ना. ते वेगळ्या कुळातले." सासूबाईंनी विचार केला. मुरमुरे म्हणजे तांदूळ, अक्षता. चालेल. खाल्ला.

सोयरिक लागली की पदार्थावर हक्क येतो. आधी कापायच्या पद्धतीवर आला. चौकोनी तुकडे सासूबाईंना मंजूर नव्हते, वडी तिरकीच पडली पाहिजे. तिरकी कापली की कडेचे त्रिकोण उरतात आणि ते ज्याने कापलं त्याचे, हा घरोघरचा अलिखित कायदा. चौकोनात कापणाऱ्याला काहीच सुटत नाही, म्हणून ती पद्धत अन्यायाची. मग हक्क आला वरच्या थरावर. चॉकलेट ओतून पसरताना हात थांबला की सांधा दिसतो, म्हणून एका दमात टोकापासून टोकापर्यंत जावं लागतं. जून 2022 मध्ये आमच्या अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना असा डांबराचा एकेरी 75 किलोमीटर थर 105 तास 33 मिनिटं न थांबता टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंदला गेला, सासूबाईंचा उलथन्याचा हात अगदी तसा चालतो. त्याआधी कित्येक वर्षं त्याच रस्त्यावरून माहेरी जाताना माझे जे हाल झाले, ते गिनीजवाल्यांनी नोंदलेले नाहीत.

पुढच्याच लग्नसराईत वड्या रुखवतात गेल्या. मे महिन्यातलं लग्न, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, कारण वऱ्हाडात मुहूर्त काढणारा स्वतः पंख्याखाली बसून काढतो. रुखवताच्या टेबलावर लोकरीचे ससे, साबणाचं कमळकुंड, शेवयांची झोपडी, आणि मधोमध ताटात आमच्या वड्या, वर चांदीचा वर्ख. मंगलाष्टकं संपेतो चॉकलेट खाली उतरलेलं होतं आणि मार्शमॅलो उघडं पडून ताठ उभं होतं. मुलाकडच्या एका आत्याबाईंनी ताटाकडे पाहून विचारलं, "हे सिंहगड केला का वो?" कुणीतरी "हो" म्हणून टाकलं. फोटोत तो सिंहगड म्हणूनच आहे.

थंडीत या पदार्थाची तब्येत सुधारते. डिसेंबर-जानेवारीत चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा महिनाभर चालते. तिथे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे आणि हंडीतलं मटण खायला अख्खा वऱ्हाड लोटतो. ज्याला यात्रेला जाता येत नाही तो आपल्या शेतात रोडगे लावतो. बेकिंग म्हणायचं तर खरं बेकिंग हेच. ओव्हन नाही, आकडा नाही, राखेच्या रंगावरून आतल्या कणकेचं ठरतं, आणि राख झटकून, फोडून, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर जो रोडगा पोटात जातो त्याच्यापुढे ब्राउनीने बोलू नये, हे माझं वैयक्तिक मत आहे आणि ते बदलणार नाही. रोडगे काढून झाले की निखारे उरतात. तिकडे अमेरिकेत शेकोटीवर मार्शमॅलो भाजून बिस्किटांत चॉकलेटबरोबर दाबून खातात, 1927 च्या गर्ल स्काउट्सच्या पुस्तकात त्याची कृती छापलेली आहे. आमच्या पोरांनी ती पुस्तकाशिवाय केली. काडी पाहिजे होती, तर बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग होता. कपाशीची काडी, तिच्या टोकाला कपाशीची लांबची बहीण, खाली म्हशीच्या गोवऱ्या. धुराचा वास लागला तो कुणी वगळायला सांगितला नाही. सालदाराने एक खाल्लं, दुसरं मागितलं आणि विचारलं, "हे कोन्या वानाचं हाये?"

पुतणी आता दिवाळीला ऑर्डर घेते, पुण्याहून फोनवर. करतात सासूबाई आणि मी, पैसे तिच्या खात्यात जातात. अमरावतीहून राजकमल चौकाजवळच्या एका घरातून दर महिन्याला मागणी असते. वाढदिवस झाले, डोहाळजेवण झालं, एक वास्तुशांत झाली. तरी एखादा पदार्थ आमच्यात पुरता मुरला की नाही, हे या कार्यक्रमांवरून समजत नाही. वाढदिवसाला लोक काहीही खातात. गेल्या आठवड्यात मूर्तिजापूरहून एका आजोबांचा फोन आला, पुतणीने तो माझ्याकडे वळवला. दोनशे वड्या पाहिजेत, येत्या सोमवारी. मी विचारलं, काय कार्यक्रम आहे?

"तेरवी हाये. आमच्या बुढीची. तिले लय आवडत होत्या." मग थोडं थांबून म्हणाले, "बाकी समदं तसंच राहू द्या, बाई. फक्त त्या वर्खाचं पाहजा. आनि तेरवीच्या हायेत, तं जराशा कमी गोड करजा."